सुरुवातीची स्फटिकरचना आणि द्रावकामुळे होणारे प्रावस्था-संक्रमण: एकच पॉलिमर, एकच द्रावक, तरी निकाल वेगळा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंडिओटॅक्टिक पॉलिस्टायरीनच्या (ज्याच्या साखळीवरचे बाजूचे गट आलटून पालटून विरुद्ध बाजूंना असतात) दोन फिल्म घेतल्या. दोन्हींचे रसायन, रेणुभार आणि जाडी सारखीच. एक फिल्म वितळवून सावकाश थंड केली होती, दुसरी झटकन गोठवून मग तापवून स्फटिकी केली होती. दोन्ही एकाच तापमानाला एकाच द्रावकात बुडवल्या, तेव्हा दुसरीत नवी स्फटिकावस्था तयार झाली आणि पहिली मात्र बराच काळ ठेवूनही जवळजवळ तशीच राहिली. मग अंतिम अवस्था नेमके कोण ठरवते, द्रावक की सुरुवातीची रचना?

माझे उत्तर असे आहे की द्रावक कोणकोणत्या अवस्था शक्य आहेत ते ठरवतो. त्यांपैकी कोणत्या अवस्थेपर्यंत फिल्म खरोखर पोहोचेल, हे मात्र द्रावकाला फिल्ममध्ये शिरल्यावर काय भेटते त्यावर ठरते. स्फटिक पूर्ण विरघळला तर सुरुवातीची रचना पुसली जाते. तो विरघळला नाही तर साखळीचे संरूपण (म्हणजे तिचा नागमोडी, सर्पिल असा आकार), स्फटिकातील बांधणीची घनता, लॅमेलांची (म्हणजे पातळ पापुद्र्यांसारख्या स्फटिकांची) जाडी आणि शेजारच्या साखळ्यांची दिशा या चार गोष्टी पुढचा मार्ग आखतात. बहुतेक गोंधळ या दोन परिस्थिती एकमेकींत मिसळल्यामुळे होतो.

स्फटिकी म्हटली जाणारी पॉलिमर फिल्म अनेकदा अर्धीही स्फटिकी नसते. लॅमेलांच्या मधल्या जागेत अस्फटिकी भाग असतो आणि द्रावक आधी तेथेच शिरतो, कारण स्फटिकात त्याला सहसा जागा नसते. अस्फटिकी भागात शिरलेला द्रावक काचसंक्रमण तापमान (ज्याखाली हा भाग काचेसारखा कडक असतो) खाली आणतो. ते तापमान प्रयोगाच्या तापमानाखाली गेले की साखळ्यांचे तुकडे हलू लागतात आणि पूर्वी उष्णतेशिवाय अशक्य असलेली मांडणी खोलीच्या तापमानालाही शक्य होते. बिस्फेनॉल-ए पॉलिकार्बोनेट केवळ उष्णतेने स्फटिकी करायचे तर अतिशय मंद गतीने होते, पण ॲसिटोनच्या संपर्कात ते पांढरे पडते आणि स्फटिकी होते. अस्फटिकी पीईटी (बाटल्यांसाठी वापरले जाणारे पॉलिएस्टर) डायक्लोरोमिथेनमध्ये असेच वागते. अस्फटिकी पॉलिलॅक्टिक आम्लाचे काचसंक्रमण तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअस असूनही ॲसिटोन त्याला खोलीच्या तापमानाला स्फटिकी करते. या उदाहरणांत सुरुवातीचा स्फटिक नसतोच, म्हणून ती तुलनेने सोपी आहेत. द्रावक आत शिरण्याचा वेग आणि स्फटिकीभवनाचा वेग यांपैकी कोणता मंद आहे, एवढेच पाहावे लागते. जाड नमुन्यात स्फटिकी झालेला बाहेरचा थर आणि अजून काचेसारखा असलेला गाभा यांच्यातली सीमा उघड्या डोळ्यांनाही ओळखता येते.

आधीपासून स्फटिक असेल तर फुगलेल्या अस्फटिकी भागाला टेकून उभ्या असलेल्या त्या स्फटिकापुढे तीन शक्यता असतात. तो तसाच टिकतो. किंवा द्रावकाचे रेणू त्याच्या साखळ्यांच्या मधे घुसतात आणि तो घनरूपातच नवी मांडणी धरतो. किंवा तो तुकड्यातुकड्यांनी विरघळतो आणि लगेच शेजारी वेगळ्या रूपात पुन्हा वाढतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेत शेवटचे एक्स-रे चित्र सारखेच दिसू शकते, पण स्फटिकांची दिशा, आकार आणि दोष वेगळे राहतात. ताणलेल्या फिल्ममध्ये मूळ दिशा टिकली असेल तर संक्रमण घनरूपात किंवा अगदी थोड्या जागेत झाले असण्याची शक्यता जास्त. दिशा हरवली असेल तर विरघळणे आणि पुनःस्फटिकीभवन यांचा संशय घ्यावा.

तिसऱ्या शक्यतेसाठी पॉलिमर शास्त्रज्ञ फ्लोरी यांचे वितळबिंदूबद्दलचे समीकरण उपयोगी पडते. द्रावकाचा आयतनी अंश वाढला की स्फटिकाचा वितळबिंदू खाली येतो, आणि द्रावक जितका चांगला आणि त्याचे मोलर आयतन जितके लहान, तितका तो अधिक खाली येतो. त्याच वेळी पातळ लॅमेलांचा वितळबिंदू जाड लॅमेलांपेक्षा मुळातच कमी असतो. ही दोन कारणे एकत्र आली की एकाच फिल्ममधील पातळ लॅमेला द्रावकात वितळतात आणि जाड लॅमेला टिकून राहतात. म्हणूनच उच्च तापमानाला बराच वेळ ॲनील केलेला नमुना द्रावकाला जास्त दाद देत नाही, त्याचा एकक कोश (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान साचा) बदललेला नसला तरीही. “आमचे दोन्ही नमुने अल्फा या एकाच स्फटिकरूपाचे आहेत, मग फरक का?” असा प्रश्न आला की मी प्रथम लहान-कोनी एक्स-रे प्रकीर्णनातून लॅमेलांची जाडी विचारतो. स्फटिकाचे नाव सारखे असल्याने स्फटिक सारखा ठरत नाही.

आता सिंडिओटॅक्टिक पॉलिस्टायरीनकडे वळतो, कारण या विषयासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. हे पॉलिमर १९८५ मध्ये जपानमधील इदेमित्सु कोसान या कंपनीत प्रथम तयार झाले. त्याचा वितळबिंदू सुमारे २७० अंश आणि काचसंक्रमण तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअस आहे. त्याची स्फटिकरूपे दोन कुळांत मोडतात. अल्फा आणि बीटा रूपांत साखळी सपाट नागमोडी असते. गॅमा, डेल्टा आणि एप्सिलॉन रूपांत ती सर्पिल असते. नागमोडी साखळीत दोन एकके (साखळीत पुन्हा पुन्हा येणारे घटक) मिळून सुमारे ५.१ अँगस्ट्रॉमचे आवर्तन होते, म्हणजे दर एककाला सुमारे २.५५ अँगस्ट्रॉम. सर्पिल साखळीत चार एकके मिळून सुमारे ७.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे दर एककाला १.९५ अँगस्ट्रॉम. या साध्या भागाकारातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: अल्फा किंवा बीटा स्फटिक डेल्टात बदलायचा असेल तर साखळीची अक्षावरील लांबी जवळजवळ चौथ्या हिश्श्याने आखडली पाहिजे. स्फटिकात घट्ट बसलेली, दोन्ही टोकांना अस्फटिकी भागात आणि पलीकडच्या लॅमेलात अडकलेली साखळी इतकी आखडणे ही किरकोळ हालचाल नव्हे. दोन टोकांना चिमटे लावून धरलेला तंतू द्रावकात ठेवला आणि मोकळा तंतू ठेवला, तर हाच मुद्दा यांत्रिक पातळीवर दिसतो: आखडण्याला मज्जाव केला की नागमोडी अवस्थेतून सर्पिल अवस्थेकडे जाणे कठीण होते.

गॅमा रूपातून डेल्टाकडे जाताना हा अडथळा नसतो. दोन्हींत साखळी सर्पिल आहे. साखळ्यांना फक्त बाजूला सरकून द्रावकाच्या रेणूंना जागा करून द्यायची असते. म्हणून गॅमा फिल्म अनेक द्रावकांत सहज डेल्टा सहस्फटिकाकडे, म्हणजे द्रावकाचे रेणू सामावून घेतलेल्या स्फटिकाकडे, वळते. उलट दिशेचा प्रवासही तसाच सरळ आहे: डेल्टा सहस्फटिक सुमारे १३० अंशांना तापवला की द्रावक निघून जातो आणि गॅमा उरतो. पुढे २०० अंशांच्या आसपास गॅमाचा अल्फा होतो, पण तेव्हा साखळीला सर्पिलातून नागमोडी व्हावे लागते आणि त्यासाठी तेवढे तापमान लागते.

मूळ प्रश्नातला फरक मात्र अल्फा आणि बीटा यांच्यातला आहे. दोघांतही साखळी नागमोडीच आहे, म्हणजे आखडण्याचा अडथळा दोघांना सारखाच आहे. मग अल्फा योग्य द्रावकात डेल्टाकडे वळतो आणि बीटा दाद देत नाही, हे का? माझ्या मते उत्तर बांधणीत आहे. अस्फटिकी भागाची घनता सुमारे १.०५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, अल्फा स्फटिकाची सुमारे १.०३ आणि बीटाची सुमारे १.०८ आहे. अल्फा स्फटिक अस्फटिकी भागापेक्षाही विरळ आहे. त्यात साखळ्या तीन-तीनच्या गटांनी उभ्या असतात आणि गटांची रचना सैल आहे, त्यामुळे लहान रेणूंना शिरकाव करायला वाव मिळतो. बीटामध्ये साखळ्यांचे थर अधिक घट्ट बसलेले असतात. शिवाय बीटा सामान्यतः वितळलेल्या अवस्थेतून सावकाश थंड होताना किंवा उच्च तापमानाला द्रावणातून तयार होतो, म्हणजे त्याच्या लॅमेलांना नीट वाढायला वेळ मिळालेला असतो. विचारलेल्या प्रयोगात सावकाश थंड केलेली फिल्म बहुधा बीटा होती आणि काचेतून तापवून स्फटिकी केलेली अल्फा होती. ही खात्री अवरक्त वर्णपटाने किंवा एक्स-रे विवर्तनाने करून घ्यावी: तांब्याच्या के-अल्फा किरणांनी अल्फाचे पहिले शिखर २-थीटा ६.७ अंशांच्या आसपास आणि बीटाचे ६.१ अंशांच्या आसपास दिसते.

येथे थोडे थांबून एक इशारा देणे मला आवश्यक वाटते, कारण या विषयातील अनेक चुकीचे निष्कर्ष याच जागी जन्माला येतात. अल्फा फिल्म द्रावकात ठेवल्यावर अवरक्त वर्णपटात ५७२ प्रति सेंटिमीटरजवळ सर्पिल साखळीची पट्टी उगवते. ती पाहून “अल्फाचे डेल्टात रूपांतर झाले” असे लिहिले जाते. पण फिल्ममधला निम्म्याहून जास्त भाग अस्फटिकी होता, आणि अस्फटिकी सिंडिओटॅक्टिक पॉलिस्टायरीन द्रावकात हमखास डेल्टा होते. म्हणजे दिसलेली सर्पिल पट्टी सगळी त्या अस्फटिकी भागातून आलेली असू शकते आणि अल्फा स्फटिकाला धक्काही लागलेला नसू शकतो. रूपांतर झाले असे म्हणण्यासाठी अल्फाच्या स्वतःच्या खुणा कमी झाल्या पाहिजेत: १२२२ प्रति सेंटिमीटरची नागमोडी साखळीची पट्टी घटली पाहिजे आणि विवर्तनातील अल्फाची शिखरे खरोखर लहान झाली पाहिजेत, केवळ नव्या शिखरांखाली झाकली जाऊन नव्हे. म्हणून प्रत्येक वेळी अस्फटिकी फिल्मचा एक नियंत्रण नमुना सोबत ठेवावा आणि सुरुवातीचा अस्फटिकी अंश आधी मोजावा. नव्या अवस्थेचे प्रमाण त्या अंशापेक्षा जास्त झाले तरच जुन्या स्फटिकाचे रूपांतर सिद्ध होते.

सुरुवातीच्या रचनेचा प्रभाव किती खोलवर जातो याचे सर्वांत देखणे उदाहरणही याच पॉलिमरमध्ये आहे. अस्फटिकी फिल्म क्लोरोफॉर्ममध्ये ठेवली तर डेल्टा कुळातला सहस्फटिक मिळतो. त्यातून ॲसिटोनने किंवा अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडने द्रावक काढून घेतला की रिकाम्या पोकळ्यांचा डेल्टा स्फटिक उरतो. त्याची घनता सुमारे ०.९८ आहे, आणि त्याची रचना १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. आता सुरुवात गॅमा फिल्मपासून करा, तिला तेच क्लोरोफॉर्म द्या आणि मग ॲसिटोनने धुवा. मिळतो तो एप्सिलॉन, २००७ मध्ये वर्णिलेले वेगळेच रूप. डेल्टात पोकळ्या सुट्या-सुट्या असतात. एप्सिलॉनमध्ये साखळीच्या दिशेने लांबच लांब वाहिन्या असतात, त्यामुळे डेल्टात न मावणारे लांबट रेणूही त्यात बसू शकतात. पॉलिमर तेच, द्रावक तोच, सर्पिल साखळीही तीच. बदलली ती फक्त सुरुवातीची बांधणी. जो कोणी “अंतिम अवस्था द्रावकच ठरवतो” असे म्हणतो, त्याला मी हे एक उदाहरण दाखवतो.

ताणलेल्या नमुन्यांबद्दल दोन शब्द. काचेसारखी फिल्म काचसंक्रमण तापमानाच्या जरा वर ताणली तर नागमोडी साखळ्यांची मध्यमरूप अवस्था मिळते. साखळ्या दिशेने लागलेल्या असतात पण बाजूची मांडणी अर्धवट असते. ही अवस्था नीट वाढलेल्या अल्फापेक्षा द्रावकाला खूप लवकर शरण जाते आणि दिशा टिकवून डेल्टा देते. संरूपण नागमोडी असूनही ती बदलते, यावरून असे दिसते की संरूपणाचा अडथळा एकटा पुरेसा नसतो; बांधणी जितकी अपुरी, तितका तो अडथळा ओलांडणे सोपे.

सिंडिओटॅक्टिक पॉलिस्टायरीन हा अपवाद मानू नये. सेल्युलोजमध्ये हीच कथा शंभराहून अधिक वर्षे समोर आहे. नैसर्गिक सेल्युलोज म्हणजे सेल्युलोज-१. त्यात साखळ्या एकाच दिशेने, म्हणजे समांतर असतात. द्रव अमोनिया किंवा एथिलीनडायअमाइन त्यात शिरून सहस्फटिक करतात, आणि ते काढून टाकले की सेल्युलोज-३ उरतो. सेल्युलोज-२ मध्ये साखळ्या प्रतिसमांतर असतात. त्यालाही अमोनिया दिला तर सेल्युलोज-३ च मिळतो. दोन्ही सेल्युलोज-३ ची विवर्तनचित्रे बरीच जवळची दिसतात. पण गरम पाण्यात ठेवल्यावर पहिल्या मार्गाने आलेला नमुना सेल्युलोज-१ कडे परततो आणि दुसऱ्या मार्गाने आलेला सेल्युलोज-२ कडे. म्हणूनच त्यांना तीन-एक आणि तीन-दोन अशी वेगळी नावे द्यावी लागली. द्रावक येऊन गेला, हायड्रोजन बंधांचे जाळे बदलले, तरी साखळ्यांची दिशा बदलली नाही. दिशा बदलायची तर साखळी पूर्ण उलटी फिरावी लागते, आणि घन स्फटिकाच्या आत ते होत नाही. या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. नैसर्गिक सेल्युलोजमध्येच एक-अल्फा आणि एक-बीटा अशी, थर एकमेकांवर सरकून बसण्याच्या पद्धतीत वेगळी, दोन रूपे मिसळलेली असतात, हे १९८४ मध्ये ॲटॅला आणि व्हॅन्डरहार्ट यांनी घनरूप एनएमआरने (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाने) दाखवले. अमोनियामार्गे जाऊन गरम पाण्याने परत आलेला सेल्युलोज एक-बीटाच असतो, एक-अल्फा नव्हे. म्हणजे स्मृती साखळ्यांच्या दिशेची राहते, थरांच्या सरकण्याची राहत नाही. कोणती स्मृती टिकेल आणि कोणती पुसली जाईल, हे रचनेचा तो-तो तपशील बदलण्यातला अडथळा किती मोठा आहे त्यावर अवलंबून असते.

मग मर्सरायझेशनमध्ये समांतर सेल्युलोज-१ पासून प्रतिसमांतर सेल्युलोज-२ कसा होतो? जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये पेटंट घेतलेल्या या प्रक्रियेत कापसावर तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया केली जाते, आणि हे रूपांतर तंतू न विरघळता होते. या कोड्याचे सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण एकक कोशात सापडत नाही, तंतूच्या रचनेत सापडते. पेशीभित्तीत शेजारचे सूक्ष्मतंतू परस्परविरुद्ध दिशांनी पडलेले असतात. अल्कलीने फुगल्यावर विरुद्ध दिशांच्या सूक्ष्मतंतूंमधल्या साखळ्या एकमेकींत मिसळतात, आणि कोणतीही साखळी उलटी न फिरता प्रतिसमांतर स्फटिक बनतो. म्हणून सुरुवातीची रचना म्हणताना केवळ एकक कोश सांगून भागत नाही. शेजारी काय आहे, किती मोठ्या तुकड्यांत आहे, हेही सांगावे लागते. मोठे आणि नेटके स्फटिक असलेल्या शैवालांच्या सेल्युलोजला त्याच रूपांतरासाठी कापसापेक्षा अधिक तीव्र अल्कली लागते, हेही याच सूत्रात बसते.

कायटिनमध्ये सुरुवातीच्या रचनेचा फरक आणखी ठळक आहे. खेकड्याच्या कवचातले कायटिन अल्फा, माकुलाच्या शरीरातील आतल्या पट्टीतले बीटा. अल्फात साखळ्या प्रतिसमांतर आणि थरांच्या मधेही हायड्रोजन बंध आहेत. बीटात साखळ्या समांतर आणि थरांच्या मधे असे बंध नाहीत. परिणामी बीटा कायटिन पाणी, अल्कोहोल, अमाइन यांना थरांच्या मधे सहज घेते आणि पाणी गेले की पुन्हा मूळ अंतरावर येते. अल्फा कायटिनात पाणी स्फटिकाच्या आत शिरत नाही. काही मोजकी डायअमाइनच ते करू शकतात. तीव्र आम्लात किंवा तीव्र अल्कलीत फुगवले तर बीटाचे अल्फा होते, अल्फाचे बीटा मात्र होत नाही. दोन्ही पदार्थांचे रासायनिक सूत्र एकच आहे हे लक्षात घेतले की या तुलनेचे महत्त्व कळते.

नायलॉन-६ चा उल्लेख धावता करतो. तेथे अल्फा आणि गॅमा रूपांची साखळी-आवर्तने जवळपास आहेत, सुमारे १७.२ आणि १६.९ अँगस्ट्रॉम, आणि मुख्य फरक अमाइड गटाच्या पिळात व हायड्रोजन बंधांच्या दिशेत आहे. आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाने अल्फात शिरकाव करून मग सोडियम थायोसल्फेटने आयोडीन काढले की गॅमा मिळतो; गॅमाला जलीय फिनॉल दिले की अल्फा परत येतो. येथे परतीचा मार्ग मोकळा आहे, कारण साखळीला फारसे आखडावे लागत नाही.

आता दुसऱ्या परिस्थितीकडे, जेथे द्रावक स्फटिक पूर्ण विरघळवतो. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड डायमिथिलफॉर्मामाइडमध्ये नीट विरघळवून फिल्म ओतली तर मूळ भुकटी अल्फा होती की बीटा याला अर्थ उरत नाही. द्रावक बाष्पीभूत होतानाचे तापमान, त्याचा वेग आणि आर्द्रता यांवर अंतिम रूप ठरते. साधारणपणे ७० अंशांखाली सुकवले तर बीटाकडे कल दिसतो, त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला अल्फाकडे. पण “नीट विरघळवून” या दोन शब्दांत फार मोठी अट दडलेली आहे. ब्लंडेल, केलर आणि कोव्हाक्स यांनी १९६६ मध्ये पॉलिएथिलीनच्या द्रावणात दाखवले की द्रावण विरघळण्याच्या तापमानाच्या किंचित वरच नेले तर डोळ्यांना पारदर्शक दिसूनही त्यात जुन्या स्फटिकांचे सूक्ष्म अवशेष राहतात आणि थंड होताना तेच बीज म्हणून काम करतात. त्यामुळे द्रावण पारदर्शक दिसणे हा स्मृती पुसल्याचा पुरावा मानू नये. विरघळण्याचे तापमान आणि वेळ वाढवून निकाल बदलतो का, ते पाहावे. बदलला तर स्मृती अजून शिल्लक होती.

प्रयोग करणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगतो, ज्यांवर मी स्वतः आग्रही असतो. पहिली म्हणजे मोजमाप ओल्या अवस्थेत करावे. द्रावकात असताना सहस्फटिक आणि वाळल्यावर दुसरेच रूप, असे वारंवार घडते. वाळवलेल्या फिल्मचे एक्स-रे चित्र संक्रमणाचे आणि वाळण्याचे मिळून असते. द्रावक काढण्याची पद्धतही प्रक्रियेचाच भाग समजावी: तापवून काढला तर पॉलिस्टायरीनचा डेल्टा गॅमाकडे जातो, ॲसिटोनने काढला तर रिकामा डेल्टा राहतो. याच कारणाने डीएससीच्या (नमुना तापवताना त्याने घेतलेली-सोडलेली उष्णता मोजणाऱ्या तंत्राच्या) आलेखावरून सुरुवातीचे किंवा मधले रूप ठरवण्याचा मोह आवरावा. उपकरण नमुना तापवते, तापताना द्रावक निघतो, डेल्टाचा गॅमा आणि गॅमाचा अल्फा होतो, आणि शेवटी २७० अंशांजवळ जे वितळताना दिसते त्याचा सुरुवातीच्या रूपाशी थेट संबंध उरलेला नसतो. डीएससी त्या तापण्याच्या वाटेबद्दल बोलते आणि तेवढ्यासाठी ती उत्तम आहे.

तुलना करायच्या नमुन्यांची जाडी सारखी ठेवावी, कारण पाच पट जाड फिल्ममध्ये द्रावक आत पसरायलाच पंचवीस पट वेळ लागू शकतो आणि तो उशीर स्फटिकाच्या नावावर खपवला जातो. वजनवाढीचा आलेख आणि वर्णपटातील बदलाचा आलेख एकाच वेळअक्षावर काढावेत. वजन स्थिरावल्यानंतरही वर्णपट बदलत राहिला तर स्फटिकाचे रूपांतर हा मंद टप्पा आहे. दोन्ही एकत्र स्थिरावले तर द्रावकाचा शिरकाव हाच मंद टप्पा असण्याची शक्यता जास्त आहे.

मूळ प्रश्नातल्या बीटा फिल्मपासून डेल्टा हवाच असेल, तर तीच फिल्म द्रावकात आणखी आठवडे ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. द्रावकाचे तापमान वाढवले तर काही स्फटिक विरघळून डेल्टा रूपात परततील, पण जे उरतील ते जाड आणि अधिक हट्टी असतील, म्हणून मिश्रणच हाती येईल. त्यापेक्षा फिल्म वितळबिंदूच्या बरीच वर नेऊन, जुन्या स्फटिकांचे बीज राहणार नाही इतका वेळ धरून, बर्फाच्या पाण्यात झटकन गोठवावी. एक्स-रे चित्रात केवळ रुंद प्रभामंडळ उरले आहे याची खात्री करावी आणि मग ती काचेसारखी फिल्म टोल्यूइनच्या वाफेत ठेवावी. वाफ द्रवापेक्षा बरी, कारण फिल्म वेडीवाकडी होत नाही आणि पृष्ठभाग विरघळून खराब होत नाही. तपासणीसाठी फिल्मचा एक तुकडा अर्ध्या वाटेवर बाहेर काढून ओलाच वर्णपटासाठी घ्यावा: ५७२ ची पट्टी वाढताना १२२२ च्या जागी काही उगवत नसेल, तर फिल्म थेट सर्पिल कुळात चालली आहे आणि नागमोडी अवस्थेत अडकलेली नाही, असे समजावे.